अक्काच्या रिकाम्या जागा

पूर्वेच्या खिडकीतून सकाळ आत येई ती बेताबेताने, परक्या घरात पाऊल टाकणाऱ्या पाहुण्यासारखी. आधी नुसत्या गजांच्या कडा उजळत. मग ओट्यावरच्या पातेल्याच्या काठावर एक रेघ उमटे, इतकी बारीक, की ती उजेडाची आहे की पातेल्याला गेलेल्या तड्याची, हे सांगता येऊ नये. काही वेळाने ती रेघ काठावरून सुटे, भिंतीवर चढे, तिथल्या फिकट हिरव्या रंगात थोडी घोटाळे आणि मग काहीतरी सुचल्यासारखी टेबलावर उतरे. मिरजेच्या आसपासच्या शिवारांत हळद शिजवून वाळवण्याचे दिवस संपत आले होते, पण तिची धूळ अजून हवेत होती. त्या धुळीतून गाळून आलेला वैशाखातला उजेड पांढरा नसे. किंचित पिवळा आणि किंचित जड असे. मेणकापडाच्या सुरकुत्यांमध्ये तो साचे, स्टीलच्या पेल्यांना शिवे, खुर्चीला टेकवून ठेवलेल्या काठीच्या मुठीवर क्षणभर विसावे, आणि सगळ्यांत शेवटी अक्काच्या हातांवर येऊन थांबे.

श्रेणिक हे रोज पाहत बसे. पाहत राहिले की बोलावे लागत नाही, हे त्याने फार लहानपणी शोधून काढले होते. चोविसाव्या वर्षी, एमबीबीएस होऊन त्याच गावच्या वैद्यकीय महाविद्यालयात इंटर्न म्हणून राबत असतानाही त्याचा हा शोध टिकून होता. जगात एकाच माणसासमोर त्याला शब्द चटकन सुचत, आणि ते माणूस म्हणजे त्याची थोरली बहीण.

“श्रेणिक, ती... ती ही दे की रे,” अक्का म्हणाली. तिने उकळत्या चहाकडे बोट केले.

“गाळणी,” तो म्हणाला आणि गाळणी तिच्या हातात दिली.

“हां. आज कुठं पाळी तुझी?”

“सकाळी मुजावर मॅडमकडे. दुपारी लसीकरण कक्षात.”

“म्हणजे माझी पोरं असतील तिथं, तिसऱ्या वर्षाची. जरा बोलत जा त्यांच्याशी. परवा ती कस्तुरी विचारत होती, मॅडम, तुमचे भाऊ बोलतात का?”

“मग तू काय सांगितलंस?”

“म्हटलं, बोलतो की. फक्त त्याच्याकडं आधी... आधी तो...”

“अर्ज करावा लागतो,” श्रेणिक म्हणाला.

“बघ, बोललास,” अक्का हसली आणि चहा गाळू लागली.

वाक्य दोघांचे मिळून पुरे झाले होते. त्यात कोणाचे किती, हे दोघांनीही मोजले नाही.

डॉ. राजुल मगदूम, म्हणजे त्याची अक्का, त्याच महाविद्यालयात सामाजिक वैद्यकशास्त्र शिकवी. लसीकरण हा तिचा खास विषय. आई गेली तेव्हा श्रेणिक चौथीत होता. त्याच्या डब्यापासून त्याच्या प्रवेशपरीक्षेपर्यंत सगळे अक्कानेच निभावले. सहा वर्षांपूर्वी तिचा डावा पाय जमिनीवर घासू लागला, एका डोळ्यापुढे धुके आले, आणि तपासण्यांअंती आजाराला नाव मिळाले, मल्टिपल स्क्लेरोसिस. तेव्हापासून काठी आली, उन्हात जाणे बंद झाले, दुपारची झोप सक्तीची झाली. पण हे सारे पायांपुरते आणि डोळ्यांपुरते होते, अशी श्रेणिकची समजूत होती. ती समजूत त्याने घरातल्या एखाद्या दिव्यासारखी जपली होती.

गेले पंधरा दिवस अक्काच्या कॉलरला शर्टाच्या बटणाएवढी एक काळी टिकली लावलेली होती. तिला सगळे ‘कानोसा’ म्हणत. त्या सकाळी श्रेणिकने ती काढून डबीत ठेवली. पंधरवडा पुरा झाला होता.

*

मज्जातंतूवर मायेलिनचे वेष्टन असते. ते सलग नसते. मधूनमधून त्याला फटी असतात, आणि संदेश त्या फटीफटींवरून उड्या घेत जातो, जसा एखादा माणूस दगडांवरून उड्या मारत ओढा ओलांडतो. या आजारात शरीराच्या स्वतःच्याच संरक्षक पेशी ते वेष्टन कुरतडतात. दगड नाहीसे होतात. माणूस तरीही पलीकडे पोहोचतो, पण पाण्यातून चालत, चाचपडत. पाय घासणे किंवा नजर अंधुक होणे सर्वांना दिसते. विचाराचा वेग मंदावणे दिसत नाही, कारण मेंदू हुशार असतो. तो दुसरे रस्ते काढतो, लांबचे का होईना, आणि वेळेवर पोहोचल्याचा आव आणतो.

हे मंदावणे पकडण्यासाठी पूर्वी कागदावरची चाचणी असे. नऊ चिन्हे, नऊ अंक, आणि दीड मिनिटात त्यांच्या जोड्या लावायच्या. चाचणी चांगली होती, पण डॉक्टरांच्या घरांतून तिचे मातेरे झाले. प्रेमापोटी नातेवाईक घरी सराव करून घेत, रुग्ण जोड्या पाठ करून येत आणि उत्तीर्ण होऊन बुडत. म्हणून कानोसा आला. त्याचा सराव करता येत नाही. तो शब्द साठवत नाही, फक्त शब्दांआधीची शांतता मोजतो. एकाचे बोलणे संपून दुसऱ्याचे सुरू होईपर्यंत सेकंदाचा जेमतेम पाचवा हिस्सा जातो. आणि बोलता बोलता एखादे नाम शोधताना निरोगी माणूस जितका रेंगाळतो, त्याचीही एक ठरलेली मर्यादा असते. पंधरा दिवसांच्या साध्या बोलण्यातून हा रेंगाळ मोजला, की दगड कुठे नाहीसे होत आहेत ते कळते.

कळून उपयोगही होता, आणि तो नवा होता. ‘पुनर्वेष्टन’ नावाच्या उपचाराने मायेलिन पुन्हा चढवता येऊ लागले होते. मात्र आतला तंतू जिवंत हवा. विचार मंदावू लागल्यापासून साधारण वर्षभर तो तग धरतो. नंतर वेष्टन चढवायला काही उरतच नाही.

डॉ. फरीदा मुजावर मेंदूविकार विभागाच्या प्रमुख होत्या. त्यांनी पडद्यावरचा आलेख पाहिला, चष्मा वर सरकवला, पुन्हा खाली आणला.

“श्रेणिक, इकडं ये. हे तुझ्या बहिणीचं आहे?”

“हो, मॅडम.”

“फार स्वच्छ आहे रे. इतका स्वच्छ माझासुद्धा येत नाही. मी तर रोज नवऱ्याचं नाव शोधते.” त्या हसल्या नाहीत. “तू घरात असतोस सतत. काही वेगळं जाणवतं?”

श्रेणिकने खिडकीकडे पाहिले. उत्तर द्यायला त्याला सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा बराच अधिक वेळ लागला.

“नाही, मॅडम.”

“बरं. तरी मी कच्ची नोंद बघते एकदा. इतकं चांगलं असलं की मला झोप लागत नाही.”

तो बाहेर आला तेव्हा त्याला हलके वाटत होते. आपल्या हलकेपणाचे त्याला थोडे आश्चर्यही वाटले. पण ते त्याने तिथेच, व्हरांड्यात, एखादी नको असलेली पिशवी ठेवावी तसे ठेवून दिले.

*

लसीकरण कक्षात पंख्याखाली तीन विद्यार्थी उभे होते. पुढच्या आठवड्यात त्यांची तुकडी गावोगाव मोहिमेवर जाणार होती, त्याआधीचा हा सराव. पाच वर्षांपूर्वी एपस्टाइन-बार विषाणूविरुद्धची लस आली आणि सहावीतल्या मुलांना मिळू लागली. हा विषाणू बहुतेकांना कधीतरी गाठतो आणि काही न करता निघून जातो. थोड्यांच्या बाबतीत मात्र संरक्षक पेशींना मायेलिनचा चेहरा शत्रूसारखा दिसू लागतो, तो त्याच्यामुळेच. ती लस घेतलेली पिढी मोठी होईल तेव्हा हा आजार पुस्तकात उरेल, असे म्हणत. अक्का वर्गात सांगे, ही गाडी माझ्या स्टेशनवर थांबली नाही, तुमच्या लेकरांच्या स्टेशनवर थांबेल. मुले हसत.

कस्तुरी वाघमोडे या धीट, गोल चेहऱ्याच्या मुलीने कुपीतून सुईत औषध ओढून घेतले होते. समोर आष्ट्याची एक तिशीतली बाई दंड उघडा करून बसली होती.

“ही कुठली लस?” श्रेणिकने विचारले.

“कांजिण्यांची, सर. यांना कधी झाल्या नाहीत.”

त्याने बाईंना विचारले, “ताई, दुसरं काही औषध चालू आहे?”

“संधिवाताचं इंजेक्शन चालू हाय की. शक्ती कमी करतंय म्हणं, ते. महिना झाला.”

“सुई खाली ठेव,” श्रेणिक कस्तुरीला म्हणाला.

“का, सर? महिना झालाय म्हणूनच तर आज बोलावलं.”

“जिवंत विषाणूची लस आहे ही. प्रतिकारशक्ती दाबलेल्या माणसाला दिली, तर लसच आजार होईल. ती औषधाच्या आधी द्यायची. निदान सहा आठवडे आधी.”

“नाही, सर,” कस्तुरी शांतपणे म्हणाली. “नंतर. औषध सुरू झाल्यानंतर.” तिने बाकीच्या दोघांकडे पाहिले. दोघांनीही माना डोलावल्या.

त्या डोलणाऱ्या माना श्रेणिकला विचित्र वाटल्या. एकाचे चुकते तेव्हा तो गोंधळतो. हे तिघे निश्चिंत होते. त्याने बाईंना समजावून परत पाठवले, कुपी शीतकपाटात ठेवली आणि मग तो कस्तुरीला बाजूला घेऊन म्हणाला, “हे कुणी शिकवलं?”

“मगदूम मॅडमनीच. तुमच्या... म्हणजे आमच्या मॅडमनी.”

“त्या असं सांगणारच नाहीत. तू चुकीचं ऐकलं असशील.”

“वर्गात एकशे तीस जण आहेत, सर. सगळ्यांनीच चुकीचं ऐकलं?” कस्तुरी थोडी रागावली होती. “आणि खरं तर मॅडमनी सांगितलं नाही, आम्हीच सांगितलं. त्या रिकामी जागा ठेवतात ना. वाक्य अर्ध्यावर सोडतात आणि बघतात आमच्याकडं. आम्ही शब्द भरायचा. बरोबर असला की मान हलवतात. झोप येत नाही कुणाला त्या तासाला. या वर्षापासून सुरू केलंय त्यांनी.”

“आणि ‘नंतर’ कुणी भरलं?”

“मागच्या बाकावरच्या कुणीतरी. मॅडमनी मान हलवली.”

श्रेणिकने तिला चार कठोर शब्द सुनावले. स्वतः वाचायला नको का, पुस्तक उघडायला नको का, उद्या डॉक्टर म्हणून कोणाच्या दंडात काय टोचाल. इतके सलग तो कित्येक महिन्यांत बोलला नव्हता. कस्तुरीने ऐकून घेतले आणि म्हणाली, “बरोबर आहे, सर. पण आता तीन वाजता मॅडमचा तास आहे. तुम्हीच येऊन बघा की.”

*

सभागृहाच्या मागच्या दारातून तो आत शिरला आणि अंधाऱ्या कोपऱ्यात उभा राहिला. अक्का मंचावर खुर्चीत बसून शिकवत होती, काठी मांडीवर आडवी. तिचा आवाज लांबून ऐकताना त्याला परका वाटला. घरी तो आवाज कधी एकटा ऐकलाच नव्हता त्याने. त्यात नेहमी त्याचा स्वतःचा मिसळलेला असे.

“लस कारखान्यातून निघाल्यापासून दंडात जाईपर्यंत थंड राहिली पाहिजे. किती थंड? तर...”

ती थांबली. वर्गाकडे तिने हसून पाहिले.

“दोन ते आठ अंश,” वर्ग म्हणाला.

अक्काने मान हलवली. “शाबास. आता काही लसी अशा आहेत, की त्या चुकून गोठल्या, तर मग त्यांना...”

पुन्हा ती थांबली. या वेळी हसू आले ते जरा उशिरा. तिचा अंगठा काठीवरून मागेपुढे फिरू लागला. मागच्या रांगेतून कोणीतरी, आळसावलेल्या आवाजात, म्हणाले, “वितळू द्यायचं आणि वापरायचं.”

श्रेणिकच्या ओठांवर बरोबर उत्तर तयार होते. फेकून द्यायच्या. गोठलेली लस निकामी होते, हे अक्कानेच त्याला तो शाळेत असताना, बर्फाच्या गोळ्याच्या गाडीपाशी उभे राहून सांगितले होते.

अक्काने मान हलवली.

इतक्या लांबूनही त्याला तिचा चेहरा स्वच्छ दिसला. कुठलाही का होईना, शब्द आला होता. पाण्यात उभ्या असलेल्या माणसाला कोणीतरी हात दिला होता, आणि तो हात कोणाचा, कुठे नेणारा, हे पाहण्याइतकी उसंत त्या माणसाला नव्हती. खांदे खाली आले. श्वास सुटला. पुढचे वाक्य सुरू झाले.

हा चेहरा त्याच्या ओळखीचा होता. सकाळी गाळणी हातात देताना तो त्याने पाहिला होता. काल दुपारी पाहिला होता. ‘श्रेणिक, कोल्हापूरची ती...’ असे ती म्हणाली तेव्हा त्याने ‘मावशी’ हा शब्द दिला होता, आणि मग सगळी संध्याकाळ ते दोघे मावशीबद्दल बोलले होते. तिला मावशीबद्दलच बोलायचे होते का? तो दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला. महिनोन् महिने जे बोलणे त्याने बहिणीचे म्हणून ऐकले, त्यातले तिचे नेमके किती होते, हे सांगायला आता कोणी साक्षीदारही उरला नव्हता.

आणि कानोसा? तोही सभ्य माणसासारखाच वागला होता. अक्का थांबली, दुसरा आवाज आला, तेव्हा त्याने तिची बोलण्याची पाळी संपली असे धरले. शोधण्याची शांतता त्याला ऐकू येण्याआधीच घरी श्रेणिक आणि वर्गात पोरे तिथे पोहोचत होती. आलेख स्वच्छ होता, कारण तो अक्काचा नव्हताच.

*

मगदूमांच्या घरात दिवस मावळायच्या आत जेवणे उरकत. आजही पश्चिमेच्या गच्चीकडचे दार उघडे होते आणि ऊन अजून उंबऱ्यावर होते. श्रेणिकने भाकरी वाढल्या, आमटी वाढली आणि तो समोर बसला.

“अरे, ते वरच्या मजल्यावरच्या लोकांना सांगायचं राहिलं,” अक्का म्हणाली. “उद्या सकाळी ती... ती...”

‘गाडी’, त्याला वाटले. वरच्यांची गाडी नेहमी फाटकात आडवी असे. शब्द जिभेच्या टोकाशी आला. त्याने भाकरीचा तुकडा तोंडात घातला आणि तो चावत राहिला.

अक्काने त्याच्याकडे पाहिले.

“ती रे. उद्या धुवायला माणूस येणार आहे.”

गाडीच. त्याने दात घट्ट मिटले. स्वयंपाकघरात नळ ठिबकत होता. एखादे मूल खोल पाण्यात उतरताना काठावरून पाहावे तसे त्याला झाले. अक्काच्या कपाळावर एक आठी आली, तिने हवेत हाताने काहीतरी चौकोनी, मोठे दाखवले, हात खाली घेतला, पुन्हा उचलला.

“बोल की,” ती म्हणाली. “भांडलास का कुणाशी? तोंड शिवलंय का?”

तो नुसता पाहत राहिला. कधी नव्हे इतका वेळ गेला.

“टाकी,” अक्का म्हणाली. तिच्या नाकाखाली घाम आला होता. “पाण्याची टाकी धुवायची आहे. पाणी भरून ठेवा म्हणावं.”

टाकी. त्याने गाडी म्हटले असते, तर तिने मान हलवली असती, आणि वरच्या लोकांना उद्या आंघोळीला पाणी मिळाले नसते.

“अक्का,” तो म्हणाला, “आज कस्तुरीनं एका बाईला कांजिण्यांची लस टोचली असती. औषध चालू असताना. वर्गात ‘नंतर’ असं झालंय म्हणाली. आणि आज मी मागं उभा होतो तेव्हा, गोठलेली लस वितळवून वापरायची, असंही झालं.”

अक्काने घास खाली ठेवला. तिला समजायला वेळ लागला नाही.

“टोचली नाही ना?”

“नाही.”

“पहिल्यांदा खरंच अडलं होतं,” ती म्हणाली. एकेक शब्द ती जागेवरून उचलून आणत होती, आणि श्रेणिक थांबत होता. “पोरांनी शब्द दिला. बरं वाटलं. मग मी... मुद्दामच थांबायला लागले. म्हणजे कुणाला कळू नये, खरं अडणं कुठलं नि... खोटं कुठलं. पुढं मलाच कळेना झालं.”

“मला का नाही सांगितलंस?”

“तुला?” अक्काच्या आवाजात राग नव्हता, जुनी थट्टा होती, दमलेली. “तू कधी सांगू दिलंस? दोन-तीनदा काढला विषय. ‘श्रेणिक, मला हल्ली...’ म्हटलं की तू म्हणायचास ‘दमायला होतं’. बरं, दमायला होतं. वाक्य संपायच्या आत तू...”

ती अडली. तो थांबला. ऊन उंबऱ्यावरून उतरले.

“...हजर,” अक्का म्हणाली.

मग तिने फोन मागितला. कस्तुरीला लावला. एका कागदाच्या पाठीवर तिने आधी दोन ओळी लिहून घेतल्या होत्या आणि त्या ती बोट ठेवून वाचत होती.

“वाघमोडे, मगदूम बोलते. ऐक. जिवंत लस औषधाच्या आधी. सहा आठवडे आधी. नंतर नाही. गोठलेली लस फेकायची. आत्ता सगळ्या वर्गाला कळव. गावात जायच्या आधी मी पुन्हा घेणार आहे हे, लिहून आणून. हो, माझंच चुकलं. आणि एक कर. यापुढं मी थांबले तर थांबा. कुणी काही भरायचं नाही.”

फोन ठेवल्यावर तिने श्रेणिककडे पाहिले. “आता तुझ्या मुजावर मॅडमकडं जायचं ना?”

“हो.”

“मला भीती वाटते रे. उपचाराची नाही. वर्ष दीड वर्ष शिकवायचं नाही, त्याची. मी घरात बसले की तू मला दिवसभर... दिवसभर...”

त्याला चार शब्द सुचले. त्यांतला कोणताही त्याने दिला नाही.

“गप्प बसून बघशील,” ती हसून म्हणाली. तोही हसला, आणि हसताना त्याला ताट नीट दिसेना.

*

डॉ. मुजावरांनी कच्ची नोंद काढून ठेवली होती. त्यांना काही सांगावे लागले नाही. पडद्यावर दोन रंगांच्या रेघा होत्या, एक अक्काच्या आवाजाची, एक दुसऱ्या कोणाच्या. जिथे निळी तुटे, तिथे क्षणाचीही फट न ठेवता तांबडी लागलेली होती.

“हा तांबडा तू आहेस,” त्या म्हणाल्या. “मी आयुष्यात इतका वक्तशीर माणूस पाहिला नाही.”

मग त्या अक्काकडे वळल्या.

“राजुल, तुझा खरा वेग मी आत्ता तुझ्याशी बोलूनच मोजला, गेल्या अर्ध्या तासात. मंदावलाय. थोडका नाही, पण उपचाराच्या पलीकडं गेलेला नाही, असं मला वाटतं. आता मला एकच गोष्ट हवी, आणि ती यंत्र सांगू शकत नाही.” त्यांनी खुर्ची श्रेणिककडे वळवली. “पुनर्वेष्टनासाठी आम्ही वर्षातून दोनदा रुग्ण घेतो. जूनच्या शेवटी आणि दिवाळीनंतर. उपचाराआधी प्रतिकारशक्ती जवळजवळ पुसून टाकतात, म्हणून लसी आधी पुऱ्या व्हायला लागतात. राजुलला कांजिण्या झालेल्या नाहीत, आणि शक्ती दाबणारं औषध सध्या तिला चालू नाही. ती लस दिली की सहा आठवडे थांबायचं. हे अलीकडचं असेल, महिना दोन महिन्यांचं, तर दिवाळीनंतर घेऊ. घाईत या शरीरावर भार टाकायला मला आवडत नाही. निवांत, एकेक लस देऊन नेऊ. पण जुनं असेल, तर दिवाळीपर्यंत आतले तंतू राहणार नाहीत. मग जूनच. म्हणजे लस आज, या खोलीतून उठायच्या आत.”

“मला विचारू नका,” अक्का म्हणाली. “मला कधीपासून ते... ते ठरवता येत नाही. आठवतच नाही.”

“म्हणूनच याला विचारते. जवळचा माणूस हा आहे. विचार करून सांग, श्रेणिक. कधीपासून?”

खोलीत कोणीही रिकामी जागा भरली नाही. दोन महिने, असे म्हणता आले असते. दोन महिने म्हटले की सगळे सभ्य झाले असते. त्या सकाळी ‘नाही, मॅडम’ म्हणताना त्याने खोटे सांगितले नव्हते, फक्त लक्षात आले नव्हते, असे झाले असते. डॉ. मुजावरांनी ते टिपून घेतले असते. अक्कानेही मान हलवली असती. तिने तर नक्कीच.

त्याने बहिणीकडे पाहिले. ती त्याच्याकडे पाहत होती, आणि तिच्या पाहण्यात मागणे नव्हते. ती नुसती थांबली होती.

“गेल्या आषाढापासून, मॅडम,” तो म्हणाला. “चातुर्मास सुरू झाला त्या दिवशी आम्ही बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, गेलो होतो. णमोकार म्हणताना अक्का तिसऱ्या ओळीनंतर थांबली. तो मंत्र तिनंच मला शिकवलाय. पुढची ओळ मी मोठ्यानं म्हटली, म्हणजे कुणाच्या लक्षात येऊ नये. तिला आठवत नव्हतं, हे मला तेव्हाच कळलं होतं.”